दीडशे कोटी लोकांच्या स्नायूंत नसलेलं प्रथिन

पुण्यात सारसबागेजवळच्या सणस मैदानावर सकाळी सरावाला येणाऱ्या मुलांकडे नीट पाहा. प्रशिक्षक एकच, ट्रॅक तोच, फेऱ्याही तितक्याच. तरी वर्षभरात एखादं पोर सुसाट पुढे निघून जातं आणि तितकाच घाम गाळणारं दुसरं जिथल्या तिथे राहतं. ‘अंगातच असावं लागतं,’ असं जुनी मंडळी म्हणतात. त्यात तथ्य आहे. ‘हेरिटेज’ नावाच्या गाजलेल्या अभ्यासात शेकडो लोकांकडून 20 आठवडे सारखाच व्यायाम करून घेतला. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता कुणाची मिनिटाला एक लिटरने वाढली, तर कुणाची जवळजवळ काहीच नाही. या फरकाचा निम्म्याच्या आसपास भाग घराण्यातून आलेला दिसला.

हे ‘अंगातलं’ नेमकं असतं कुठे? एक ठिकाण दाखवता येतं. आपल्या 11व्या गुणसूत्रावर एसीटीएन-3 नावाचं जनुक आहे. झटकन आकुंचन पावणाऱ्या स्नायूतंतूंना बळकटी देणारं प्रथिन त्यावरून तयार होतं. या प्रथिनाच्या 577व्या जागेसाठी जनुकात काही जणांत ‘सीजीए’ऐवजी ‘टीजीए’ ही तीन अक्षरं लिहिलेली असतात. फक्त एक अक्षर बदललं, पण ‘टीजीए’ म्हणजे थांबा! वाक्याच्या मधेच पूर्णविराम पडावा तसं काम तिथेच तुटतं. आई आणि वडील दोघांकडूनही हीच प्रत आली, तर ते प्रथिन अंगात तयारच होत नाही. जगात अशी सुमारे दीडशे कोटी माणसं आहेत आणि ती ठणठणीत आहेत. उलट, 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे प्रथिन नसलेल्यांनी 14 अंशांच्या पाण्यात शरीराची ऊब जास्त चांगली टिकवली. ज्याला बिघाड म्हणावं, ते थंडीतलं वरदान!

2003मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना अव्वल वेगवान धावपटूंत हे प्रथिन नसलेले फारच थोडे आढळले. तेव्हा याला ‘वेगाचं जनुक’ म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. पण पुढे स्पेनचा एक लांब उडीपटू समोर आला. दोनदा ऑलिम्पिकला गेलेला, आणि त्याच्या स्नायूंत हे प्रथिन नव्हतंच!

फिनलंडचा स्कीपटू एरो मँटिरँटा याची गोष्ट आणखी विलक्षण. ऑलिम्पिकची 7 पदकं मिळवणाऱ्या या माणसाच्या एका जनुकातही एकच अक्षर वेगळं होतं, त्यामुळे त्याच्या रक्तात तांबड्या पेशी जन्मतःच जास्त होत्या. पण त्याच्या घराण्यातल्या कितीतरी जणांत तोच बदल सापडला. ऑलिम्पिक सुवर्ण मात्र त्या सगळ्यांनी काही जिंकलं नाही.

आता आपल्या मातीतला माणूस घ्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि 2015मध्ये, विशीत आल्यावर, लष्करी क्रॉस-कंट्रीतून शर्यतींकडे वळला. 2018मध्ये त्याने 3000 मीटर स्टीपलचेसचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या किबिवोटच्या मागे तो फक्त 0.05 सेकंद होता. 2024मध्ये पॅरिसला त्याने 8 मिनिटं 9.91 सेकंदांची वेळ दिली. ही झेप कुठल्या एका अक्षरात लिहिलेली असेल, असं मला वाटत नाही. त्यामागे शेकडो जनुकांची बारीक बारीक मदत असणार, आणि वर्षानुवर्षांचा सरावही.

मुलाची लाळ तपासून ‘तुमचा मुलगा कोणत्या खेळात चमकेल’ ते सांगणाऱ्या चाचण्या आता विकत मिळतात. 2015मध्ये या विषयातल्या जाणकारांनी एकत्र येऊन स्पष्ट सांगितलं, की गुणी खेळाडू हेरायला अशा चाचण्यांचा उपयोग नाही. तेव्हा पालकहो, ते पैसे चांगल्या बुटांवर खर्च करा आणि पोराला मैदानावर सोडा.