पेट्रोलचा कॅन ट्रॉलीत ठेवून भरू नका



गळीत हंगाम सुरू झाला की फोंडाघाट परिसरातल्या सभासदांची धावपळ वाढते. ट्रॅक्टरला डिझेल, मोटारसायकलला पेट्रोल आणि जोडीला ग्रासकटर, फवारणी पंपासाठी एक कॅन. पंपावर रांग असते, म्हणून कॅन खाली न उतरवता ट्रॉलीतच भरून घेतला जातो. ही घाई अंगाशी येऊ शकते. ती कशी, हे समजून घेऊ.

थंडीत टेरिलीनचा सदरा काढताना चटचट आवाज होतो, अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. ही घर्षणाने साठलेली वीज. पेट्रोल नळीतून जोराने वाहताना अशीच वीज तयार होते. पेट्रोलमधून वीज सहजासहजी वाहत नाही, त्यामुळे ती भांड्यात साठत जाते. जमिनीत उतरायला वाट मिळाली तर काही होत नाही. वाट नसेल तर जवळच्या धातूवर ठिणगी होऊन उडी घेते. पेट्रोलची वाफ पेटायला ठिणगीही फार मोठी लागत नाही. हाताला जेमतेम चटका जाणवेल एवढीसुद्धा पुरते.

मग गाडीची टाकी रोज भरतात, ती का पेटत नाही? कारण नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेले असते आणि पंपाची नळी वीज जमिनीत नेईल अशीच बनवलेली असते. टायरच्या रबरात काजळी असते, त्यामुळे टायरमधूनही वीज हळूहळू उतरते. पूर्वी टँकरच्या मागे साखळी लोंबत असे, ती जुन्या सभासदांना आठवत असेल. इथेनॉलचा टँकर भरण्याआधीसुद्धा जमिनीशी जोडलेल्या तारेचा चिमटा टँकरला लावतात. वीज साठू द्यायची नाही, हेच तत्त्व.

ट्रॉलीतल्या कॅनला ही वाट नसते. खाली ताडपत्री, गोणपाट किंवा रबरी चटई असते. अमेरिकेत १९९० च्या दशकात मालवाहू गाडीच्या हौद्यात प्लॅस्टिकचे अस्तर असताना कॅन भरण्याने आगी लागल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. त्यात पत्र्याचे कॅनही होते. म्हणजे पत्र्याचा कॅन असला म्हणून भागत नाही, तो जमिनीवर हवा.

पावसाळ्यात दमट हवेमुळे कपड्यांवरची, कॅनवरची वीज लवकर विरते. हंगामात हवा कोरडी असते, घाट चढून वर गेलो की अधिकच. तेव्हा जास्त जपावे.

डिझेल सहसा असे पेटत नाही. पण पेट्रोलच्या रिकाम्या कॅनमध्ये डिझेल घेतले, तर आत राहिलेली पेट्रोलची वाफ आणि डिझेलबरोबर आलेली वीज यांची गाठ पडते. म्हणून दोन्हींचे कॅन वेगळे ठेवा, त्यावर रंगाने खूण करा.

सभासदांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. इंजिन बंद करावे. कॅन ट्रॉलीतून, डिकीतून उतरवून जमिनीवर ठेवावा.

२. कॅनला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली वीज उतरते.

३. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेले ठेवावे, सुरुवातीला धार बारीक ठेवावी. मध्ये प्लॅस्टिकचे नरसाळे घालू नये.

४. कॅन काठोकाठ भरू नये. पाण्याच्या बाटल्या, खाद्यतेलाचे डबे वापरू नयेत.

५. तोंडाशी जाळ दिसला तर नोझल ओढून काढू नये. धार बंद करून मागे व्हावे आणि पंपावरच्या माणसाला ओरडून सांगावे. नोझल ओढले तर पेट्रोल सांडून आग पसरते.

बऱ्याच घरांत कॅन घेऊन पोराला किंवा गड्याला पाठवतात. तेव्हा हा लेख घरात वाचून दाखवावा. कॅन खाली उतरवायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ रांगेतला मागचा माणूस नक्की थांबेल.