संवेदकाचे उत्तर वाचावे कसे? हेक्स मजकूर, बाइट आणि थंडीचा इशारा



द्राक्ष, डाळिंब, स्ट्रॉबेरी, हरितगृहातील फुले व भाजीपाला अशा पिकांमध्ये जमिनीतील ओलावा, हवेचे तापमान व आर्द्रता मोजणारे संवेदक, म्हणजेच सेन्सर, बसविण्याकडे कल वाढत आहे. संवेदक बसविला, तार ओढली, मोबाईलवर आकडे दिसू लागले की काम झाले असे सर्वसाधारणपणे समजले जाते. परंतु संवेदक जे पाठवतो आणि पडद्यावर जे दिसते, त्यांच्यामध्ये एक रूपांतर दडलेले असते. हे रूपांतर चुकले तर वर्षातील बहुतेक दिवस काहीच बिघडत नाही. बिघडते ते नेमके कडाक्याच्या थंडीच्या रात्री. ते कसे, आणि आपण स्वतः कागद-पेन्सिल घेऊन त्याची तपासणी कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे. घरात संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असल्यास हा लेख दोघांनी मिळून वाचावा.

संवेदक काय बोलतो?

शेतात वापरले जाणारे पुष्कळसे संवेदक आरएस-४८५ या तारजोडणीवर 'मोडबस' पद्धतीने बोलतात. ही पद्धत मूळची कारखान्यांतील यंत्रांसाठी १९७९ साली आली. आपण प्रश्न विचारायचा, संवेदकाने उत्तर द्यायचे, इतका साधा तिचा व्यवहार आहे. प्रश्न आणि उत्तर दोन्ही बाइटमध्ये असतात. एक बाइट म्हणजे ० ते २५५ पर्यंतचा एक आकडा.

तारेतून आलेले बाइट जसेच्या तसे पडद्यावर दाखविता येत नाहीत. काही बाइटांचा अर्थ संगणक 'नवीन ओळ' असा घेतो, तर काहींना दिसणारे चिन्हच नसते. म्हणून प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहून दाखविण्याची रीत पडली. तिलाच हेक्स मजकूर म्हणतात. तापमान व आर्द्रता मोजणाऱ्या संवेदकाचे एक उत्तर उदाहरणादाखल पाहू. (पडद्यावर यातील अक्षरे इंग्रजीत असतात, येथे ती नागरीत छापली आहेत.)

०१ ०३ ०४ ०३ ७५ एफएफ एफ६ २ए १बी

यातील पहिला बाइट संवेदकाचा क्रमांक सांगतो. दुसरा कामाचा प्रकार आणि तिसरा पुढे माहितीचे किती बाइट आहेत ते सांगतो. येथे ते ४ आहेत. ०३ ७५ ही आर्द्रता व एफएफ एफ६ हे तापमान. शेवटचे दोन बाइट पडताळणीचे. वाटेत एखादा बाइट बिघडला तर तो त्यांवरून कळतो. पडताळणीचे गणित लांबलचक असल्याने ते संगणकावरच सोडावे.

रुपये-आण्यांचा हिशोब

हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतील मोजणी. यात ० ते ९ हे नेहमीचे अंक आणि पुढे ए म्हणजे १०, बी ११, सी १२, डी १३, ई १४ व एफ १५. नाव परके असले तरी हिशोब आपल्याला परका नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते, आणि पिकाची आणेवारी तर शब्दाने अजून आपल्यात आहे. हेक्समधील दोन अक्षरांपैकी पहिले अक्षर रुपये व दुसरे आणे समजावे आणि एकूण किती आणे झाले ते काढावे.

७५ म्हणजे ७ रुपये ५ आणे. सात सोळे एकशे बारा, अधिक पाच, म्हणजे ११७. एफ६ म्हणजे १५ रुपये ६ आणे, अर्थात २४६. एफएफ म्हणजे १५ रुपये १५ आणे, २५५. एका बाइटात यापेक्षा मोठा आकडा मावत नाही.

मोजमाप मात्र बहुधा दोन बाइट मिळून दिलेले असते. अशा वेळी पहिल्या बाइटला २५६ ने गुणून त्यात दुसरा मिळवावा. आर्द्रतेचे ०३ ७५ घेतल्यास ३ गुणिले २५६ म्हणजे ७६८, अधिक ११७, म्हणजे ८८५. संवेदक दशांश चिन्ह पाठवीत नाही, म्हणून दहाने भागावे. आर्द्रता ८८.५ टक्के. काही संवेदकांत शंभराने भागावे लागते. ते माहितीपत्रकात पाहावे, अंदाजाने ठरवू नये.

थंडीच्या रात्रीचा घोटाळा

आता हाच हिशोब तापमानाला लावून पाहा. २५५ गुणिले २५६ म्हणजे ६५२८०, अधिक २४६, म्हणजे ६५५२६. दहाने भागल्यावर ६५५२.६ अंश सेल्सिअस! एवढ्या उष्णतेत लोखंडाचीही वाफ होईल. मग संवेदक बिघडला का? मुळीच नाही. त्याने उणे १.० अंश सांगितले आहे.

शून्याखालचा आकडा दोन बाइटांत लिहिण्याची रीत जुन्या विजेच्या मीटरसारखी आहे. मीटर ००००० वर असताना चाक एक घर मागे फिरविले तर ९९९९९ दिसते. त्याचप्रमाणे येथे शून्याच्या एक घर मागे एफएफ एफएफ, म्हणजे ६५५३५ येते आणि त्याचा अर्थ उणे १ असा घ्यायचा असतो. म्हणून जेथे उणे आकडा येऊ शकतो तेथे नियम असा: आकडा ३२७६७ पेक्षा मोठा आल्यास त्यातून ६५५३६ वजा करावेत. ६५५२६ वजा ६५५३६ म्हणजे उणे १०, आणि दहाने भागून उणे १.०.

ही एक वजाबाकी कार्यक्रमात, म्हणजे संगणकाच्या प्रोग्राममध्ये, राहून गेली तर काय होते ते पाहा. तापमान २ अंशांच्या खाली गेल्यास भोंगा वाजावा असे आपण ठरविले आहे. पारा १.५ वर आला, भोंगा वाजला. तो बंद करून आपण तयारीला लागलो, किंवा थोड्या वेळाने पाहू म्हणून पडून राहिलो. पहाटे पारा शून्याखाली उतरला आणि प्रोग्रामला दिसले ६५५२.६. हा आकडा २ पेक्षा कमी नाही, तेव्हा सर्व ठीक आहे असे समजून तो गप्प बसला. काही प्रोग्राम तर अशक्य आकडा दिसला की ती नोंदच टाकून देतात आणि आधीचा आकडा तसाच दाखवीत राहतात. ही चूक अधिक घातक म्हणावी लागेल, कारण ती डोळ्यांनाही दिसत नाही.

आपल्याकडे पारा शून्याखाली जातोच कुठे, असे कोणी म्हणेल. महाबळेश्वरच्या वेण्णा लेक परिसरात हिवाळ्यात स्ट्रॉबेरीच्या पानांवरील दव गोठते, हे तेथील बागायतदार जाणतात. निफाड भागातील द्राक्षबागायतदारांनाही थंडीच्या लाटेचा अनुभव आहे. शिवाय हवामान केंद्रातील तापमान जमिनीपासून मीटरभराहून अधिक उंचीवर, लाकडी पेटीत मोजलेले असते. निरभ्र आकाश व वारा पडलेला अशा रात्री जमिनीलगतचा थर त्याहून काही अंश अधिक थंड होतो. संवेदक पिकाच्या उंचीवर लावला असेल तर केंद्राच्या नोंदीपेक्षा कमी आकडा येणे स्वाभाविक आहे.

मजकूर वेगळा, बाइट वेगळे

दुसरी नेहमीची चूक प्रश्न पाठविताना होते. वरील संवेदकाला विचारावयाचा प्रश्न असा:

०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी

हे आठ बाइट आहेत. परंतु संगणकावर ते टंकले की मजकूर तयार होतो, आणि मजकुरातील प्रत्येक अक्षरासाठी संगणक एक स्वतंत्र बाइट वापरतो. '०' या अक्षराचा बाइट ४८, '१' चा ४९. मोकळ्या जागा धरून तेवीस बाइट तारेत जातात. संवेदकाला त्यांचा अर्थ लागत नाही, तो उत्तर देत नाही, आणि चांगला संवेदक 'मेला' म्हणून दुकानात परत जातो. तपासणीच्या प्रोग्राममध्ये 'हेक्स पाठवा' अशी खूण असते, ती आधी करावी. वेगही माहितीपत्रकाप्रमाणे ठेवावा. तो बहुधा ४८०० किंवा ९६०० असतो.

प्रोग्राम स्वतः लिहिणाऱ्यांनी अक्षराचा बाइट घेऊन अंक असल्यास ४८, मोठे इंग्रजी अक्षर असल्यास ५५ व लहान असल्यास ८७ वजा करावेत. म्हणजे ० ते १५ मधील किंमत मिळते. पहिलीला सोळाने गुणून दुसरी मिळवली की बाइट तयार. पायथॉन भाषेत 'बाइट्स.फ्रॉमहेक्स' ही तयार सोय आहे, तीच वापरावी असे माझे मत आहे.

उलट दिशेने बाइटचा मजकूर करताना सोळाने भागावे. भागाकार पहिले अक्षर, बाकी दुसरे. भागाकार शून्य आला तरी तो लिहिलाच पाहिजे. ३ चे '०३' करावे, नुसते '३' नव्हे. आपल्या उदाहरणातील उत्तर पुढची शून्ये गाळून सलग लिहिले तर १३४३७५एफएफएफ६२ए१बी असे होते. ही चौदा अक्षरे आहेत. संख्या सम असल्याने संगणक तक्रार न करता त्यांचे सात बाइट पाडतो: १३, ४३, ७५ असे. मूळ नऊ होते! अक्षरे विषम असती तर निदान चूक तरी दाखविली गेली असती.

नोंदी एक्सेलमध्ये ठेवणाऱ्यांनी तो रकाना आधी 'टेक्स्ट' करावा. तसे न केल्यास ०३७५ चे ३७५ होते आणि ७५ई४ अशी नोंद ७५०००० बनते, कारण त्यातील ई म्हणजे दहाचा घात असे एक्सेल समजते. त्यातील हेक्सटूडेक हे सूत्रही एफएफएफ६ चे ६५५२६ च देते. ६५५३६ ची वजाबाकी आपणच करावयाची.

थंडीपूर्वी करावयाची तपासणी

नोव्हेंबरमध्येच, पिकाची घाई सुरू होण्यापूर्वी, तापमानाचा संवेदक कोरड्या प्लॅस्टिक पिशवीत बांधून घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात अर्धा तास ठेवावा. तार दारातून बाहेर काढता येते. संवेदक किती थंडी सोसतो ते माहितीपत्रकात आधी पाहावे. नंतर मोबाईलवर उणे चिन्हासह आकडा येतो का, आणि भोंगा वाजत राहतो का, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. नुसत्या बर्फाच्या पाण्यात बुडवून ही परीक्षा होत नाही, कारण तेथे पारा शून्यावरच थांबतो आणि चूक शून्याच्या पलीकडे आहे.

पडद्यावर हजारांतील आकडा आल्यास किंवा आकडा शून्याजवळ अडकून राहिल्यास पुरवठादाराला 'संवेदक बिघडला' असे सांगू नये, तो नुसता संवेदक बदलून देईल. उत्तराचा मूळ हेक्स मजकूर मागून घ्यावा, वरील रीतीने स्वतः हिशोब करावा आणि तापमान उणे चिन्हासह वाचण्याची दुरुस्ती प्रोग्राममध्ये करून द्या असे स्पष्ट सांगावे. दुरुस्तीनंतर संवेदक पुन्हा एकदा बर्फाच्या कप्प्यात ठेवून पाहावा आणि मगच बागेत बांधावा.