साष्टीचे ईस्ट इंडियन

माहीमची खाडी आज टॅक्सीने चुटकीसरशी ओलांडता येते. १६६१च्या लग्नतहात पोर्तुगालने मुंबईची बेटं इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि ही खाडी दोन राज्यांची सरहद्द होऊन बसली. पलीकडचं वांद्रे, मरोळ, मालाड, म्हणजे साष्टी बेट, पोर्तुगीजांकडेच राहिलं.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला होता. पुढे इथले कोळी, कुणबी, भंडारी ख्रिस्ती झाले; कोणी दडपणाखाली, कोणी सवलतींपायी, कोणी मनापासून. सगळं बळजबरीच्या खात्यावर टाकणारे पुढचं पान उलटत नाहीत. १७३७मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. धाक घालणारी सत्ता गेली, तरी पुष्कळ गावांनी क्रूस सोडला नाही. १७७४च्या अखेरीस साष्टीत इंग्रज आले, तेव्हाही तो गावाच्या नाक्यावर होता.

इंग्रजी अमलात प्रश्न आला पोटाचा. आगबोटीने गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती तरुण नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. त्यांची आडनावंही डिसोझा, परेराच. साहेबाने फरक ओळखायचा कसा? १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचं निमित्त साधून, भूमिपुत्रांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतलं. ज्या ईस्ट इंडिया कंपनीशी जुनं नातं सांगायचं होतं, ती १८७४मध्येच बरखास्त झाली होती! नाव मात्र सरकारदरबारी चाललं असावं.

घरात हे साहेबी नाव फारसं शिरलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी लुगडं नेसलेल्या बायका बँड लावून विहिरीवर जातात, ‘उंबराचं पाणी’ आणतात आणि त्याने नवरा-नवरीची आंघोळ होते. गाणी मराठीच, त्यांच्यात पोर्तुगीज शब्द बिनदिक्कत मिसळलेले. जेवणात डुकराचं सारपातेल, सोबत आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे. उन्हाळ्यात मिरच्या नि मसाले वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचे, हा ‘बाटली मसाला’. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं.

खोताची वाडी, माथारपाखाडी, रणवार या जुन्या वस्त्यांतली लाकडी सज्ज्यांची घरं एकेक करून टॉवरला जागा देताहेत. कित्येक विहिरीही बुजल्या. आता गावठाणांची हद्द मोजून कागदावर आणा, ही या लोकांची मागणी आहे.