ई-पुस्तकाचं पोट उघडताना

ई-रीडरवर वाचताना एखादं पुस्तक छळतं. ओळी एकमेकींना चिकटलेल्या, समास अवाढव्य, देवनागरीच्या जागी नुसते चौकोन. दुरुस्ती तिथेच, हातातल्या यंत्रावर करता येईल का?

बऱ्याच अंशी येते. ईपब फाइल म्हणजे मुळात एक झिप गठडी. आत मजकुराच्या एक्सएचटीएमएल फाइली, मांडणी ठरवणारी सीएसएस, चित्रं आणि प्रकरणांचा क्रम सांगणारी यादी असते. गठडी पुन्हा बांधताना मात्र एक नियम पाळावा लागतो: ‘माइमटाइप’ नावाची चिमुकली फाइल सर्वांत आधी आणि न दाबता ठेवायची. तो मोडला, तर काही वाचनयंत्रं पुस्तक उघडायलाच नकार देतात.

म्हणूनच गठडी न सोडता काम भागवणाऱ्या कोरीडर या मुक्त वाचनप्रणालीची वाट शहाणपणाची वाटते. कोबो, पॉकेटबुक आणि कुलूप काढलेल्या किंडलवर ती चालते. पुस्तकातले फॉन्ट बंद करून देवनागरीचा फॉन्ट निवडता येतो, ओळींतलं अंतर वाढवता येतं. त्या एकाच पुस्तकापुरते सीएसएसचे नियमही पडद्यावरच्या कळफलकाने लिहिता येतात. शीर्षक किंवा लेखकाचं नाव चुकलं असेल तर तेही बदलता येतं. हे सारं शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये साठतं. मूळ फाइलला धक्का लागत नाही.

मजकुरातली चूक सुधारायची, तर मूळ फाइलच बदलावी लागते. त्यात परिच्छेदांची रचना हलली, तर वाचताना केलेल्या जुन्या खुणा भलत्याच ओळीवर जाऊ शकतात. शिवाय ई-शाईचा पडदा संथ. अशा कामाला संगणकावरचं कॅलिबर किंवा सिगिल हे सॉफ्टवेअरच बरं. आणि सुरुवात करण्यापूर्वी फाइलची एक प्रत जरूर बाजूला ठेवा.