अ‍ॅप “चालणार नाही” म्हणतंय? आधी अँड्रॉइडचा नंबर बघा



गटाचे हिशेब, बँकेचे मेसेज, योजनेचे अर्ज, सगळं आता मोबाईलवर आलंय. पण बैठकांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. प्ले स्टोअरवर अ‍ॅप शोधलं, तर “हे तुमच्या फोनवर चालणार नाही” अशा अर्थाचा मेसेज येतो. कधी कधी अ‍ॅप दिसतच नाही. मग ताई म्हणतात, “मलाच जमत नाही गं.” ताई, यात तुमचं काही चुकलेलं नसतं. असं का होतं ते समजून घेऊ.

पिठाच्या गिरणीचं उदाहरण घ्या. मोटरवर पत्र्याची छोटी पाटी असते. किती एचपी, सिंगल फेज की थ्री फेज, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. थ्री फेजची मोटर घरच्या सिंगल फेज लाइनवर तशीच चालत नाही. मोटरही चांगली आणि लाइनही चांगली, पण दोघांचं जुळत नाही. पाटी न वाचता गिरणी आणली की पंचाईत होते.

अ‍ॅपलाही अशीच पाटी असते. आपल्यापैकी बहुतेकींचे फोन अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइडची साधारण दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि तिला नंबर असतो. अँड्रॉइड ५ आलं २०१४ मध्ये, ८ आलं २०१७ मध्ये, १० आलं २०१९ मध्ये. अ‍ॅप बनवणारे त्या अ‍ॅपमध्येच लिहून ठेवतात की ‘किमान अमुक नंबर हवा’. प्ले स्टोअर हा नंबर तुमच्या फोनच्या नंबरशी ताडून बघतं. फोनचा नंबर कमी पडला, तर अ‍ॅप मिळत नाही.

ही अट पुढे वाढूही शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने किमान अँड्रॉइड ५ ची अट केली. त्याहून जुन्या फोनला व्हॉट्सअ‍ॅपचा आधार संपला, फोन धडधाकट असला तरी.

अट घालतात कशासाठी? नव्या अ‍ॅपला लागणाऱ्या काही सोयी जुन्या अँड्रॉइडमध्ये नसतात. कॅमेरा किंवा ठिकाण वापरायच्या वेळी अ‍ॅपने तुमची परवानगी विचारायची, ही सोय अँड्रॉइड ६ पासून आली. शिवाय जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होतं. पैशांच्या अ‍ॅपसाठी तो मोठा धोका असतो.

तुमचा नंबर असा बघा: सेटिंग्ज उघडा, ‘अबाऊट फोन’ किंवा ‘फोनविषयी’ वर जा, तिथे ‘अँड्रॉइड व्हर्जन’ सापडेल. काही फोनमध्ये ते आणखी एक पायरी आत असतं.

नंबर कमी पडला तर:

१. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम अपडेट’ किंवा ‘सॉफ्टवेअर अपडेट’ आहे का बघा. फोन चार्ज करून, नेट चांगलं असताना ते करा. मात्र जुन्या फोनला कंपनी नवी आवृत्ती देईलच असं नाही.

२. तेच काम वेबसाइटवर होतं का, ते विचारा. पुष्कळ अर्ज क्रोममधूनही भरता येतात.

३. “प्ले स्टोअरवर मिळत नाही ना? मी लिंक पाठवतो, त्यावरून टाका,” असं कुणी म्हणालं तर अजिबात टाकू नका. अशा फाइलमधून फोनमधले मेसेज आणि ओटीपी चोरले जातात. खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

आता गटासाठी दोन गोष्टी. गटाच्या कामाला फोन घेताना, विशेषतः जुना वापरलेला, दुकानातच अँड्रॉइडचा नंबर बघा. नुसत्या स्वस्त किमतीवर जाऊ नका. लागणारं अ‍ॅप तिथेच टाकून बघा, मगच पैसे द्या.

दुसरं, कुणीही “उद्यापासून सगळ्यांनी हे अ‍ॅप वापरा” म्हणालं, की ग्रामसंघाने आधी विचारायचं, “याला किमान कोणतं अँड्रॉइड लागतं? ज्यांच्याकडे ते नाही त्यांचं काम कसं होणार?” हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे. फोन जुना म्हणून एकाही ताईची नोंद मागे राहता कामा नये.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपापला नंबर बघून वहीत लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. नवं अ‍ॅप आलं की कोणाला अडचण येणार, ते आधीच कळेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक