दोघांचं एक शरीर, मग शिक्षा कोणाला?

मुलांनो, बुलढाणा जिल्हा म्हटलं की तुम्हाला लोणारचं सरोवर आठवेल, सिंदखेडराजा आठवेल, शेगाव आठवेल. २०२५ च्या सुरुवातीला मात्र हा जिल्हा वेगळ्याच कारणाने देशभर गाजला. बुलढाण्याच्या सरकारी महिला रुग्णालयात एका गरोदर बाईंची सोनोग्राफी चालली होती. पोटात बाळ होतं, आणि त्या बाळाच्याही पोटात एक अर्भक दिसत होतं! फेब्रुवारीत बाळ जन्मलं. ते अवघ्या तीन दिवसांचं असताना अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि पोटातून एक नाही, दोन अर्भकं निघाली.

असं कसं होतं? एकसारखी दिसणारी जुळी एकाच फलित अंड्यापासून घडतात. त्या अंड्याचे पहिल्या काही दिवसांत दोन भाग होतात आणि दोन बाळं वाढू लागतात. कधी फार क्वचित एक भाग दुसऱ्याच्या आत अडकून राहतो. बुलढाण्यात असंच झालं असावं, असं बहुतेक शास्त्रज्ञ सांगतील. आणि विभागणीच उशिरा, साधारण तेराव्या दिवसानंतर सुरू झाली तर ती अर्धवट राहते. मग बाळं एकमेकांना जोडलेली जन्मतात. त्यांना आपण सयामी जुळी म्हणतो. पन्नास हजार ते दोन लाख जन्मांमागे अशी एखादी जोडी असते.

आता डॉक्टरांचा प्रश्न बाजूला ठेवू आणि वकिलांचा घेऊ. इथे माणसं किती?

बुलढाण्याच्या बाळाबाबत उत्तर सोपं होतं. आतल्या अर्भकांना स्वतंत्र जीव नव्हता, म्हणून माणूस एकच. अमृतसरच्या सोहना आणि मोहनाचं तसं नाही. २००३ साली जन्मलेल्या या भावांना दोन हृदयं आहेत, हातांच्या दोन जोड्या आहेत, पण यकृत एक आणि पायांची जोडी एकच. वेगळं करायला गेलं तर जिवावर बेतेल, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली नाही. पिंगलवाडा या संस्थेने त्यांना वाढवलं. दोघे अठरा वर्षांचे झाल्यावर त्यांना दोन वेगळी मतदार ओळखपत्रं मिळाली. २०२२ च्या पंजाब निवडणुकीत त्यांनी दोन मतं दिली. एकाचं मत दुसऱ्याला दिसू नये म्हणून अधिकाऱ्यांनी खास गॉगलची सोय केली होती. मला ही गोष्ट फार आवडते. शरीर जोडलेलं असलं तरी मन दोघांचं आहे आणि गुपितही दोघांचं वेगळं आहे, हे त्या अधिकाऱ्यांनी किती नीट ओळखलं!

मग समजा, अशा जोडीतल्या एकाने गुन्हा केला. एकाने रागाने कुणाच्या डोक्यात काठी घातली आणि दुसरा 'नको, नको' म्हणून ओरडत राहिला. कोर्ट काय करेल?

आपल्या कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, गुन्ह्यासाठी बहुतेक वेळा दोन गोष्टी पाहतात: हाताने काय केलं आणि मनात काय होतं. दोघांनी आधी ठरवून मारलं असेल, तर काठी कुणाच्याही हातात असो, दोघेही दोषी. पण गुन्हा घडताना नुसतं तिथे असणं हा गुन्हा नाही. आणि हा दुसरा भाऊ तर तिथून जाऊच शकत नव्हता! तेव्हा दोषी एकच.

खरी अडचण इथून पुढे आहे. दोषी भावाला तुरुंगात टाकलं, तर निर्दोष भावालाही टाकावं लागेल. आपल्या राज्यघटनेचं २१ वं कलम सांगतं की कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचंही जीवन किंवा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. निर्दोष भावावर गुन्हाच नाही, मग त्याला कोठडीत कोणत्या कायद्याने ठेवणार?

तुम्ही म्हणाल, निर्दोष माणसं तुरुंगात कधीच राहत नाहीत का? राहतात. कैदी आईबरोबर तिचं सहा वर्षांपर्यंतचं मूल तुरुंगात राहू शकतं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की अशा मुलाला कैद्यासारखं वागवायचं नाही. त्याला खाणं, औषधं, शिक्षण, खेळ सगळं मिळालं पाहिजे. पण ते मूल तिथे शिक्षा म्हणून नसतं. आई हवी म्हणून असतं, आणि पुढे त्याला बाहेर पडता येतं. जोडलेल्या भावाला तो दरवाजा कधीच उघडत नाही. आणखी एक नियम पाहा. फाशीची शिक्षा झालेली बाई गरोदर निघाली, तर उच्च न्यायालयाला ती फाशी रद्द करून जन्मठेप द्यावीच लागते. दोन जीव एका शरीरात असतील तर एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला मारायचं नाही, हे कायद्याने आधीच मान्य केलं आहे.

मग दोषी भाऊ मोकळाच सुटेल का? मला तसं वाटत नाही. त्याच्या पैशातून दंड घेता येतो, जखमी माणसाला भरपाई देववता येते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली काही गुन्ह्यांत चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घेऊन सोडताही येतं. समाजसेवेची नवी शिक्षाही आहे, पण तिथे भावालाही राबावं लागेल, म्हणून मी ती देणार नाही.

बाँडचा उपाय एकदा खरोखर वापरला गेला आहे. १८११ साली सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये जन्मलेले चँग आणि एंग हे छातीपाशी जोडलेले भाऊ अमेरिकेत गेले होते. १८३१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लिनफील्डला ते शिकारीला गेले असता बघ्यांनी त्यांना घेरून छळलं आणि मारामारी झाली. प्रकरण न्यायाधीशापुढे गेलं. शांततेने राहण्याची हमी म्हणून त्यांच्याकडून २०० डॉलरचा जामीन घेतला गेला, तुरुंग नाही.

आता अमेरिकेतल्या ॲबी आणि ब्रिटनी हेन्सेल या बहिणी घ्या. १९९० साली जन्मलेल्या या दोघींची डोकी दोन, पण हात दोनच आणि पाय दोनच. उजवी बाजू ॲबी चालवते, डावी ब्रिटनी. दोघींनी गाडी चालवायची परीक्षा वेगवेगळी दिली आणि दोघींकडे वेगळा परवाना आहे. पेडल ॲबीच्या पायाखाली असतं, स्टिअरिंग मात्र दोघी मिळून फिरवतात. अशी गाडी वेगमर्यादा ओलांडून धावली तर निदान पाय कुणाचा होता ते कळेल. पण ती वळणावर घसरून कुणाला लागली, आणि प्रत्येकीने 'मी बरोबर वळवत होते' असं सांगितलं तर? चूक कुणाची, हे सरकारी वकिलाला पुराव्याने दाखवावं लागेल. ते जमलं नाही तर संशयाचा फायदा दोघींना मिळेल आणि न्यायाधीश दोघींनाही सोडतील.