छंद सुटतो तेव्हा

ज्येष्ठांना दवाखान्यात घेऊन येणारी मंडळी बरीच तयारी करून येतात. रक्तदाबाची वही, साखरेचे आकडे, गोळ्यांच्या अर्धवट संपलेल्या पट्ट्या, क्वचित एखादी जुनी सोनोग्राफीची फाइल. भूक कशी आहे, झोप किती लागते, पोट साफ होते का, हे सारे विचारण्यापूर्वीच सांगून होते. मात्र ‘बाबांनी शब्दकोडे सोडवणे बंद केले’ किंवा ‘आईने चार महिन्यांत विणकामाची सुई हातात धरली नाही’ हे कोणी आपणहून सांगत नाही. मी विचारले, तर मुलगा किंवा सून थोडे अडखळून म्हणते, “हो, ते सगळं सुटलंच आता. वय झालं ना, डॉक्टर.”

साठी ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाला मी हे विचारते. पूर्वी आवडीने काय करत होता? ते अजून चालू आहे का? सुटले असेल, तर कधीपासून? यातील तिसरा प्रश्न मला सर्वांत उपयोगी पडतो. वय रोज थोडेथोडे वाढत असते; छंद मात्र बहुधा एखाद्या ठरावीक महिन्यात सुटलेला असतो. दिवाळीपर्यंत आजी रांगोळी काढत होत्या आणि संक्रांतीपासून नाही, असे कळले की मधल्या दोन-तीन महिन्यांत काय झाले, याचा शोध घेता येतो. ‘वय झाले’ या उत्तरापाशी तो शोध थांबतो.

छंदाकडे आपल्या भाषेनेही काहीशा संशयानेच पाहिले आहे. ‘छंदीफंदी’ हे काही कौतुकाचे विशेषण नव्हे आणि ‘नाद’ हा शब्द बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरातच उच्चारला जातो. त्यामुळे छंद हा आरोग्याचा विषय आहे, असे घरच्यांना वाटत नाही आणि खुद्द आजी-आजोबांनाही वाटत नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा, असा त्यांचा संकोच असतो.

वैद्यकशास्त्राला मात्र ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. वृद्धांमधील नैराश्य ओळखण्यासाठी पंधरा प्रश्नांची एक लहान प्रश्नावली जगभर वापरली जाते. आपले पूर्वीचे उद्योग आणि आवडी बऱ्याचशा सोडून दिल्या आहेत का, या अर्थाचा प्रश्न तीत दुसऱ्याच क्रमांकावर आहे. रडू येते का, हा प्रश्न त्या पंधरांत कोठेही नाही.

२००३ मध्ये न्यूयॉर्कमधील ४६९ वृद्धांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पंच्याहत्तरीपुढील या मंडळींपैकी जे वाचन करीत, पटावरचे खेळ खेळत, वाद्य वाजवीत किंवा नृत्य करीत, त्यांच्यात पुढील काळात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. या बातमीचा आपल्याकडे ‘कोडी सोडवा, विसरभोळेपणा टाळा’ असा सोपा अर्थ लावला गेला. परंतु याची दुसरी बाजूही आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात अगदी सूक्ष्म असते, त्या वेळीच माणूस कोडी आणि पत्ते टाळू लागतो. संशोधकांनी ही शक्यता वगळून पाहण्याचा प्रयत्न केला होता. तरी अशा निरीक्षणाच्या अभ्यासातून तिचा पुरता निकाल लागत नाही. माझ्यासारख्या कौटुंबिक डॉक्टरला ही दुसरी बाजूच अधिक कामाची वाटते. छंदाने आजार टळेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. सुटलेल्या छंदामुळे आजार सापडतो, हे मात्र मी वारंवार पाहते.

सर्वाधिक वेळा सापडतो तो डोळा. शब्दकोडे सोडणाऱ्या आजोबांना कोड्याचा कंटाळा आलेला नसतो. वर्तमानपत्रातील बारीक अक्षरे फिकट कागदावरून उठून दिसेनाशी झालेली असतात. मोतीबिंदू हळूहळू पिकतो, त्यामुळे दृष्टी कमी झाल्याचे माणसाच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. त्याला वाटते, छपाई खराब झाली आहे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच पुन्हा पेन हातात घेणारे कितीतरी आजोबा मी पाहिले आहेत. मोतीबिंदू नसला, तरी साठीनंतरच्या डोळ्याला तरुण डोळ्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळसर झालेले असते. छताच्या मध्यभागी एक दिवा आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या आजी, म्हणजे त्यांची सावली नेमकी त्यांच्याच विणकामावर. मान वळवता येणारा एक टेबललॅम्प लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूस ठेवला की पुष्कळ फरक पडतो.

चष्म्याचीही एक गंमत आहे. वाचनाचा चष्मा साधारण सव्वा ते दीड फुटांवरच्या पुस्तकासाठी काढलेला असतो. हार्मोनियमवर ठेवलेली गाण्यांची वही किंवा शिवणयंत्राची सुई याहून लांब असते, कॅरमची पलीकडची भोके तर आणखी लांब. चष्मा ‘बरोबर’ असूनही त्या अंतरावर धूसर दिसते. म्हणून नेत्रतपासणीला जाताना आपला छंद कोणता आणि तो किती अंतरावर चालतो, हे सांगावे. घरून दोऱ्याने अंतर मोजून नेले तर अधिकच उत्तम.

शब्दकोड्याचा आणखी एक उपयोग सांगते. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने कोड्याच्या चौकटीच्या मधोमध पाहावे, मग डोळा बदलावा. चष्मा लावलेला असावा. सरळ रेषा वाकड्या, लहरी दिसल्या किंवा मधले घर पुसट झाल्यासारखे वाटले, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा विकार असू शकतो. अशा वेळी पुढच्या महिन्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे. त्याच्या एका प्रकारात वेळेवर दिलेल्या इंजेक्शनांनी दृष्टी वाचवता येते, उशीर झाला तर तेवढी वाचत नाही.

कान हा त्याहून लबाड. उतारवयात वरच्या पट्टीचे सूर आधी जातात आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ अशी व्यंजने अस्पष्ट होतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. भजनी मंडळातील एक आजी मला म्हणाल्या होत्या, “बायका काहीतरी बोलून हसतात, मीही हसते. कशाला हसले ते मला माहीत नसतं.” असे फार दिवस कोणी हसत नाही, ती व्यक्ती घरी बसू लागते. प्रथम कानात मळ साचला आहे का, एवढे तरी डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. मग श्रवणचाचणी. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली, त्यांत बहिरेपण आहे आणि उपचार न झालेली अधू दृष्टीही आहे. श्रवणयंत्र घेतलेले गानप्रेमी आणखी एक तक्रार करतात, की पेटी-तबला त्यातून पत्र्यासारखा वाजतो. यंत्र बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून जुळवलेले असते. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते. ती मागून घ्यावी. यंत्र डबीत ठेवून देण्यापेक्षा ही एक खेप परवडली.

हातांविषयी थोडक्यात. अंगठ्याच्या मुळाशी झीज झाली की विणकाम, कात्री, अगदी फुलवाती वळणेही दुखते. जाड सुया, जाड मुठीची अवजारे, अंगठ्याचा आधारपट्टा आणि वीस मिनिटांनी विसावा, यांनी बरेच निभावते. बोटे बधिर होत असतील, तर ब-१२ जीवनसत्त्व तपासावे, विशेषतः शाकाहारी व्यक्तींनी आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी. हात कापण्याचे दोन सामान्य प्रकार आहेत. काम करताना, कप उचलताना कापणारा हात आणि मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना कापणारा हात. दुसऱ्या प्रकारात अक्षरही बारीक होत गेले असेल, तर पार्किन्सनचा विचार करावा लागतो. दोन्हींवर औषधे आहेत.

आता एक असे कारण, जे मुलासमोर कोणी सांगत नाही. बागेतल्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी जाणारे आजोबा अचानक जाईनासे होतात. गुडघे दुखतात, असे सांगतात. मुलगा बाहेर गेल्यावर कळते की लघवी थांबवता येत नाही आणि बागेजवळ स्वच्छतागृह नाही. प्रोस्टेटची वाढ असो, मूत्रसंसर्ग असो किंवा रक्तदाबासाठी चालू असलेली लघवीची गोळी असो, यांतील बहुतेकांवर उपाय आहे. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. आजींच्या बाबतीत खोकताना-हसताना होणारी गळती हेच कारण असते आणि त्या ते सुनेलाही सांगत नाहीत. रुग्णाशी पाच मिनिटे एकट्याने बोलू द्या, अशी विनंती मी म्हणूनच करते. नातेवाइकांनी त्याचा राग मानू नये.

बागकाम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. मधुमेह असेल तर अनवाणी मातीत जाऊ नये, धनुर्वाताची लस घेतलेली असावी, उकिडवे बसून एकदम उठू नये आणि कुंड्यांखालच्या बशांत पाणी साठू देऊ नये. आणि कबुतरांना दाणे घालणे हा छंद मी निःसंकोचपणे सोडायला सांगते. त्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. कोरडा खोकला आणि दम लागणे सुरू झाले असेल, तर घराभोवती कबुतरे आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

डोळे, कान, हात सारे ठीक असूनही मन लागत नसेल, तर प्रश्न अधिक नाजूक असतो. जोडीदार गेल्यावर पेटी वर्षभर बंद राहिली, तर तिला आजार म्हणण्याची घाई करू नये. शोकाला त्याचा वेळ लागतो. पुण्यातील केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दिनकर केळकरांची कथा ठाऊक असेल. चष्म्यांचा व्यवसाय करणारे, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वाद्ये जमवीत राहिले. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये राज्य शासनाच्या हवाली केला, तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. संग्रहालयाला नाव मात्र बालपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे आहे. दुःख आणि छंद एकाच घरात दीर्घकाळ नांदू शकतात.

परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नाही, भूक मंदावली, पहाटे तीनला जाग येते, ‘मी आता ओझं झालोय’ असे बोलणे निघते, तेव्हा थांबू नये. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब-१२ आणि चालू औषधे यांची तपासणी आधी करावी, कारण सुस्ती कित्येकदा तेथूनच आलेली असते. त्यात काही सापडले नाही, तर नैराश्यावर उपचार घ्यावेत. वृद्धांतील नैराश्य औषधांनी आणि समुपदेशनाने सुधारते. मरणाची इच्छा बोलून दाखवली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि व्यक्तीला एकटे ठेवू नये.

कधीकधी छंद सुटत नाही, काढून घेतला जातो, तोही प्रेमाने. लहान सदनिकेत जाताना शिवणयंत्र भंगारात जाते, ‘आता आराम करा’ म्हणून विळी-खुरपे उचलून ठेवले जाते. आराम हे औषध आहे खरे, पण दिवसभर घेण्याचे नव्हे.

स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या व्यक्तीचा छंद घरच्यांनी तुकड्यांत वाटून घ्यावा. स्वेटरचा नमुना मोजत विणणे जमत नाही, पण लोकरीचा गुंडा करणे जमते. पुरणपोळीचा सारा व्याप जमत नाही, पण मटार सोलणे, निवडणे, वाती वळणे जमते. हाताला येणारी कामे पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. रमीचे नियम विसरणाऱ्या आजोबांना पत्ते रंगाप्रमाणे लावायला द्यावेत आणि चूक झाली तरी दुरुस्त करू नये. चुकीपेक्षा ती दाखवून दिल्याचा अपमान अधिक काळ उरतो. लहान मुलांची रंगवायची पुस्तके आणून देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी चाळीस वर्षे हिशेब तपासले, त्यांना जुन्या वह्या द्याव्यात.

राहता राहिली काळजी घेणारी व्यक्ती. सासूबाईंच्या छंदाविषयी विचारून झाले की तेच तीन प्रश्न मी पन्नाशीतल्या सुनेला विचारते. पहिल्याचे उत्तर द्यायला तिला वेळ लागतो. कथ्थक होते, किंवा शनिवारचे वाचनालय होते, आणि तिसऱ्याचे उत्तर तत्काळ येते, सासूबाई पडल्या त्या महिन्यापासून. तिचाही रक्तदाब मग मोजावा लागतो आणि तो अनेकदा वाढलेला निघतो. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास ती बाहेर असेल तेव्हा घरी कोण बसेल, त्याचे नाव आणि वार मी औषधांच्या खालीच लिहून देते. ज्याचे नाव लिहिले जाते, तो बहुधा त्या वेळी मोबाइलमध्ये पाहत असतो, म्हणून ते मोठ्याने वाचूनही दाखवते.